बसायची जागा, प्यायचा चहा

डिम समविषयी लिहायला बसले की लेखणी आपोआप यादीकडे वळते. अर्धपारदर्शक पारीतून गुलाबी कोळंबी दाखवणारा हा गाउ, डुकराच्या मांसाचे आणि कोळंबीचे सारण भरून तोंड उघडेच ठेवलेला सिउ माय, वाफेने वरून उकलणारा चा सिउ बाउ हा भरलेला पाव, तांदळाच्या लुसलुशीत घावनाची गुंडाळी असलेला चेउंग फन, कमळाच्या पानात बांधून वाफवलेला चिकट भात, आंबवलेल्या काळ्या सोयाबीनमध्ये मुरलेले कोंबडीचे पाय, पांढऱ्या मुळ्याच्या परतलेल्या वड्या, शेवटी अंड्याच्या कस्टर्डचे टार्ट. यादी वाढत जाते, वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते आणि विषय मात्र हातून निसटतो. कारण या यादीतून एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. हे सगळे पदार्थ इतके लहान का? दोन घासांत संपणारी वस्तू, एका करंडीत तीन किंवा चार नग, आणि ते बनवायला मात्र पहाटेपासून राबणारे अख्खे स्वयंपाकघर, हा उफराटा हिशेब कुणी आणि कशासाठी मांडला? या प्रस्तावनेतले माझे म्हणणे या प्रश्नाचा पाठपुरावा करताना तयार झाले आहे. कँटोनीज चहाघरात प्रामुख्याने विकली जाते ती बसायची जागा. दाटीवाटीच्या शहरात माणसाला तास-दोन तास निवांत बसता यावे आणि त्यात मालकही बुडू नये, यासाठी दीडशेहून अधिक वर्षांत एक व्यवस्था घडत गेली. लहान पदार्थ हा त्या व्यवस्थेचा एक भाग आहे. पदार्थांचे कौतुक अवश्य व्हावे. पण ते कशासाठी तसे झाले हे कळले, तर त्या कौतुकाला बूड येईल.

आधी तिथला व्यवहार पाहू. हाँगकाँग किंवा ग्वांगझौमधल्या जुन्या वळणाच्या चहाघरात टेबलाशी बसल्यावर पहिला प्रश्न येतो तो कोणता चहा हवा, हा. आंबवून मुरवलेला गडद पू-अर, फिकट रंगाचा सौ मेई, मोगऱ्याच्या फुलांचा वास दिलेला चहा, ऊलाँग जातीचा तिएत कून यम, किंवा वाळवलेली शेवंतीची फुले घातलेला पू-अर. चहा ठरला की बिलावर माणशी एक ठरावीक रक्कम लागते. कुणी एक पेला प्यायला काय आणि दहा प्यायला काय, ती रक्कम बदलत नाही. किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट सरकवून ठेवायचे. येणारा-जाणारा वाढपी गरम पाणी ओतून जातो आणि त्याचे वेगळे पैसे नसतात. बरीच गिऱ्हाइके पहिल्या गरम चहाने आपले पेले, वाडगे आणि चॉपस्टिक खळबळून घेतात, मग खाणे सुरू होते. खाण्याचा हिशेब मात्र वेगळ्या रीतीने चालतो. टेबलावर एक कार्ड असते, त्यावर लहान, मध्यम, मोठा, खास अशा प्रतींचे रकाने असतात, आणि करंडी टेबलावर आली की तिच्या प्रतीच्या रकान्यात शिक्का बसतो. आता या दोन हिशेबांकडे एकत्र पाहावे. पहिली रक्कम माणसागणिक आहे आणि ती बसल्याबरोबर लागू होते. दुसरी रक्कम करंडीगणिक आहे आणि ती हवी तेवढी सावकाश वाढवता येते. पहिल्या रकमेत चहाच्या पानांच्या किमतीपेक्षा खुर्चीचे भाडेच अधिक असते. ते चुकते झाले की उरलेल्या वेळात किती खायचे, कधी खायचे, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न.

ही रचना कुणा एका कल्पक मालकाच्या डोक्यातून निघालेली नाही. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या ग्वांगझौच्या, म्हणजे तेव्हाच्या युरोपीय नकाशांतल्या कँटनच्या रस्त्यांवर सापडते. १७५७ पासून १८४२ च्या नानकिंग तहापर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये खुले असलेले हे एकमेव बंदर. गोद्या, वखारी, हमाल, नावाडी, दलाल यांनी भरलेल्या या शहरात अंगमेहनत करणाऱ्यांसाठी साधी चहाची ठिकाणे निघाली, त्यांना 'यी लेई गून' म्हणत. लेई हा चांदीच्या ताएल या चिनी मापाचा हजारावा भाग, आणि अशा दोन लेईंत तिथे चहा मिळे. लाकडी बाके, जाडेभरडे भांडे, सोबत एखादी भाकरीवजा वस्तू. पुढे शहरात पैसा खेळू लागला तशी दोन-तीन मजली चहाघरे उभी राहिली. १८८० सालचे ताव ताव ग्युई आणि १८८९ सालचे लिन हेउंग ही त्यांतली आजही नाव टिकवून असलेली घरे. या मोठ्या चहाघरांत मजल्यागणिक चहाचा दर बदले. खाली गोंगाट आणि स्वस्ताई, वर वारा, उजेड आणि महागाई. पैसा असेल त्याने वरच्याच्या वर जावे, नसेल त्याने जमिनीवर उकिडवे बसावे, अशा अर्थाची एक म्हण कँटोनीजमध्ये त्या काळाची खूण म्हणून राहिली आहे. चहा खालीही तोच, वरही जवळजवळ तोच. दर बदलत होता तो जागेचा. रोजच्या गिऱ्हाइकाची सवयही याच काळात ठरून गेली, तिला 'यात चुंग लेउंग गिन' म्हणतात: झाकणाच्या वाडग्यातला चहा एक आणि खायचे नग दोन. एवढ्या भांडवलावर सकाळ काढता येत असे. माझ्या मांडणीला याहून बळकट पुरावा नको.

मग दोन नगांवरून शंभर प्रकार कसे झाले? याचे उत्तर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांतल्या ग्वांगझौमध्ये आहे. चहाघरे वाढली, स्पर्धा वाढली, आणि प्रत्येक घराचे गिऱ्हाईक असे होते की जे रोज येणार होते. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्याला तोच पदार्थ दोनदा वाढला तर तो खूश होतो. रोज येणाऱ्याला पंधरा दिवसांत कंटाळा येतो. म्हणून दर आठवड्याला गोड-तिखटाची नवी यादी लावण्याची पद्धत पडली आणि डिम समच्या कारागिरांना सतत काहीतरी नवे काढावे लागले. बंदराच्या शहराला परक्या वस्तूंचे वावडे नव्हते. ओव्हन, लोणी, पापुद्र्याची पेस्ट्री, कस्टर्ड यांचा शिरकाव झाला आणि अंड्याचे टार्ट चहाच्या टेबलावर आले. मलायाचे नाव मिरवणारा वाफवलेला मऊ केक आला. हा गाउची सुरुवात ग्वांगझौच्या उपनगरातल्या, नदीकाठच्या एका चहाघरात ताज्या कोळंबीमुळे झाली असे सांगतात. या वैविध्याचे श्रेय कँटोनीज जिभेच्या चोखंदळपणाला देण्याची रीत आहे. जीभ चोखंदळ होती हे खरेच, पण चोखंदळ जिभा जगात इतरत्रही आहेत. तेच ते लोक त्याच त्या खुर्च्यांवर रोज सकाळी येऊन बसत होते, ही गोष्ट मात्र सगळीकडे नव्हती. बसण्याची सवय आधी लागली आणि तिने पदार्थांची संख्या वाढवली, असा हा क्रम मला दिसतो.

इथे स्वयंपाकाची बाजू घेणारा वाचक थांबवेल आणि म्हणेल, हे सगळे अर्थशास्त्र ठीक, पण लोक तिथे जातात ते चवीसाठी; इतकी कारागिरी ज्या पदार्थांत ओतली आहे त्यांना खुर्चीच्या भाड्याचे साधन म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. आक्षेप गंभीर आहे, म्हणून स्वयंपाकघरात डोकवायला हवे. मोठ्या उपाहारगृहात डिम समचा विभाग कढयांच्या विभागापासून वेगळा असतो. सारण कालवणारे वेगळे, पाऱ्या करून भरणारे वेगळे, वाफेवर उभे राहणारे वेगळे, तळणारे वेगळे, चेउंग फनसाठी तांदळाच्या पिठाची पातळ घावने काढणारे वेगळे. हा गाउची पारी गव्हाच्या निव्वळ स्टार्चची, त्यात थोडे टॅपिओकासारखे दुसरे स्टार्च. त्यात ग्लुटेन नसल्याने उकळते पाणी ओतून उकड काढावी लागते, आणि मग तेल लावलेल्या बोथट, रुंद सुऱ्याच्या पात्याने दाबून, फिरवून गोळीची गोल पारी करतात. तिला एका बाजूने बारीक चुण्या घालून ती मिटायची. कोंबडीचे पाय आधी तळायचे, मग पाण्यात भिजवून त्यांची कातडी सुरकुतवायची, मग मसाल्यात शिजवायचे आणि देताना पुन्हा वाफवायचे. एवढ्या खटाटोपातून निघालेली करंडी झाकण उघडल्यावर काही मिनिटेच खरी असते. हा गाउची पारी निवली की चिवट होते, चा सिउ बाउ कोरडा पडतो. म्हणजे हे पदार्थ साठवून ठेवण्याचे नाहीत, घरी एकट्याने करण्याचे नाहीत, आणि चार करंड्या खपवून परवडण्याचेही नाहीत. स्वयंपाकघराच्या शेजारी सतत भरलेले, सतत थोडे थोडे मागवणारे दालन असेल तरच हा खटाटोप परवडतो. अशा दालनात लोकांना बसवून ठेवतो तो चहा. कारागिरीचे मोल मी कमी करत नाही. ती कुठल्या जमिनीत रुजली एवढेच सांगतो. कारखान्यात बनवून गोठवलेले डिम सम चवीत का उतरते, याचे स्पष्टीकरणही यातच मिळते. गोठवलेली करंडी त्या दालनाची गरजच काढून टाकते, आणि दालन गेले की पारी पातळ ठेवण्याचे कारणही जाते.

चहाघराला ही जमीन सर्वांत मोठ्या प्रमाणावर मिळाली ती हाँगकाँगमध्ये. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा, १९४५ साली, तिथली लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. पन्नासचे दशक सुरू होता होता ती वीस लाखांवर गेली. चीनमधल्या यादवीतून आणि १९४९ च्या सत्तांतरातून निघून आलेल्यांत ग्वांगझौचे आचारीही होते. माणसे मात्र राहणार कुठे? २५ डिसेंबर १९५३ रोजी शेक किप मेई इथल्या झोपडवस्तीला लागलेल्या आगीत पन्नास हजारांहून अधिक लोक बेघर झाले, आणि त्यातून सरकारी पुनर्वसन-चाळी उभ्या राहिल्या. त्यांतली नेहमीची खोली १२० चौरस फुटांची, पाच मोठ्या माणसांसाठी. नळ आणि संडास सामाईक. अशा खोलीत पाहुणा आला तर त्याला बसवायचे कुठे, सासरच्या माणसांची बोलणी करायची कुठे, वयात आलेल्या मुलाला दोन शब्द सांगायचे कुठे? पुढे घरे सुधारली, पण फार रुंदावली नाहीत. २०१६ च्या मध्यावधी जनगणनेत हाँगकाँगच्या घराचे मध्यक क्षेत्रफळ ४० चौरस मीटर आणि माणशी १५ चौरस मीटर आढळले. गोल टेबलाभोवती दहा-बारा माणसांचे कुटुंब रविवारी सकाळी चहाघरात का जमते, याचे कारण संस्कृतीवरच्या ग्रंथांत शोधण्याआधी हे आकडे पाहावेत. एकेकाच्या गरजेचीही सोय तिथे आहे. एकटा म्हातारा वर्तमानपत्र घेऊन परक्यांच्या टेबलावर रिकाम्या खुर्चीत बसतो, त्याला कुणी हटकत नाही. सकाळी लवकर किंवा दुपारच्या जेवणानंतर गेले तर करंड्यांना सवलत मिळते, म्हणजे दालन ओस पडण्याच्या वेळा मालक निवृत्तांना स्वस्तात विकतो. संध्याकाळी त्याच दालनात लग्नाच्या मेजवान्या उठतात. महागड्या जागेचा एकही तास वाया जाऊ नये, असा हा चोख हिशेब आहे, आणि त्यात गरिबाच्या वाट्याला सकाळ येते.

टेबलावरच्या शिष्टाचाराकडेही याच नजरेने पाहता येते. आपल्या पेल्यात चहा ओतण्याआधी दुसऱ्यांचे पेले भरायचे, त्यातही वडीलधाऱ्यांचे आधी. आपला पेला कुणी भरला तर दोन बोटे टेबलावर हलकेच आपटून आभार मानायचे. या बोटांची एक कथा सर्वत्र सांगतात: चीनचा चिएनलुंग बादशहा वेशांतर करून फिरताना त्याने आपल्या सेवकांना चहा ओतून दिला, त्यांना उघडपणे साष्टांग नमस्कार घालता येईना, म्हणून त्यांनी बोटे दुमडून टेबलावर टेकवली. कथा रंजक आहे, इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकू नये. या खुणेचा उपयोग मात्र अगदी उघड आहे. दहा माणसांच्या टेबलावर दोन तासांत पेले कितीतरी वेळा भरले जातात. दर वेळी तोंडाने आभार मानले तर कुणाचे बोलणे पुरे व्हायचे नाही. बोटांची खूण बोलणे न तोडता काम भागवते. करंडीतले तीन-चार नगही असेच काम करतात. टेबलावर पाच जण आणि करंडीत चार हा गाउ, म्हणजे कुणीतरी दुसऱ्यासाठी सोडायचा किंवा आणखी एक करंडी मागवायची. दोन्ही गोष्टींनी बसणे लांबते. २००३ च्या सार्स साथीनंतर वाढून घेण्याच्या सामाईक वेगळ्या चॉपस्टिक रूढ झाल्या, आणि बिल येताच ते आपल्याकडे ओढण्याची झटापट तर ठरलेलीच. हे सारे नियम जवळजवळ बसलेल्या, पण सारख्या वयाच्या आणि सारख्या ऐपतीच्या नसलेल्या माणसांना एका टेबलावर सुखाने टिकवण्यासाठी आहेत.

दुसरा आक्षेप परंपरेच्या अभिमान्यांकडून येतो. त्यांच्या मते खरे डिम सम म्हणजे ढकलगाडी: वाफाळत्या करंड्यांची चळत, ती ढकलत पदार्थांची नावे पुकारणारी बाई, आणि झाकण उचलून बघण्याची मुभा. गाड्या गेल्या, त्यांच्या जागी पेन्सिलीने खुणा करायचा कागद आला, आता पडद्यावर बोट लावून मागवतात. म्हणजे परंपरा संपली. हे दुःख खरे आहे, निष्कर्ष खरा नाही. गाडी ही मुळातली गोष्ट नव्हतीच. तिच्याआधी गळ्यात पट्ट्याने अडकवलेले तबक घेऊन वाढणारे फिरत. दालने मोठी होत गेली तशी तबकाची जागा चाकांनी घेतली. गाडीला रुंद वाटा लागतात, त्या टेबलांची जागा खातात. गाडीवर फिरून फिरून करंडी निवते. आणि पुकारत फिरायला माणसे लागतात. कागदावर मागवलेली करंडी वाफेवरून थेट टेबलावर येते, तेव्हा ती बहुधा अधिक चांगली असते. परदेशांत, विशेषतः अमेरिकेतल्या चायनाटाउनांत, गाडी अधिक चिवटपणे टिकली, कारण चिनी लिपी न वाचता येणाऱ्याला बोट दाखवून जेवता येते. गाडीबरोबर एक गोष्ट निश्चित जाते: यादीत नाव न वाचलेल्या पदार्थाशी अचानक होणारी गाठ. तेवढ्यासाठी हळहळायला हरकत नाही. पण चहाघराच्या जिवावर उठलेली गोष्ट दुसरीच आहे आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे टेबलाला लावलेली वेळेची मर्यादा. दीड तासात टेबल सोडा, असे ज्या घरात सांगितले जाते तिथे गाड्या फिरत असल्या तरी जुना करार मोडलेला आहे. उलट ज्या घरात पडद्यावर बोट लावून मागवायचे, पण दुपारपर्यंत कुणी उठवत नाही, तिथे तो शाबूत आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे: या निवांतपणाची किंमत कुणी दिली? लहान पदार्थ स्वस्त होते, कारण ते करणारे हात स्वस्त होते. पहाटे तीन-चारला कामाला लागणारे कारागीर, दिवसभर उभे असलेले वाढपी, भांडी घासणाऱ्या वयस्क बायका, यांच्या कमी पगारावर सकाळच्या चहाचा डोलारा उभा होता. हाँगकाँगमध्ये किमान वेतनाचा कायदा १ मे २०११ रोजी लागू झाला, तासाला २८ हाँगकाँग डॉलर या दराने. शहराची श्रीमंती पाहता हे फार उशिरा घडले. शिवाय चहाघर सर्वांना सारखे नव्हतेच. मजल्यांचे दर आपण पाहिले. १९३३ साली सुरू झालेले लुक यू हे हाँगकाँगचे नामांकित चहागृह काळ्या लाकडाच्या फर्निचरसाठी आणि चित्रांनी सजवलेल्या भिंतींसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच नेहमीच्या श्रीमंत गिऱ्हाइकांच्या राखीव बैठकींसाठीही. हे सारे मान्य केलेच पाहिजे. मी या व्यवस्थेला समतेचे मंदिर म्हणत नाही. ती जागेची बाजारपेठ होती, आणि बाजारात पायऱ्या असतात. तिचा गुण एवढाच की सर्वांत खालची पायरी खरोखर खाली होती आणि तिच्यावरही तास-दोन तास बसता येत होते. पगार वाढले पाहिजेत हे न्याय्य आहे. पगार वाढल्यावर करंडी महागणार हेही उघड आहे. मात्र हाँगकाँगमध्ये जागेचे भाडे ज्या वेगाने चढत गेले, त्याकडे काणाडोळा करून सगळा दोष वाढप्याच्या पगारावर ढकलणे अप्रामाणिक ठरेल.

शेवटचा आक्षेप आपल्याकडचा. यात कँटोनीज असे काय आहे, मुंबईच्या इराण्याकडेही एका चहावर सकाळ काढता येत होतीच की, असे मराठी वाचक म्हणेल. तुलना योग्य आहे, पण ती शेवटपर्यंत न्यायला हवी. इराण्याने चहा-मस्का विकला, बसणे फुकट दिले. म्हणून जास्त बसणाऱ्याचा त्याला जाच झाला आणि भिंतीवर सूचनांच्या पाट्या लागल्या. कँटोनीज मालकाने बसण्याचीच किंमत आधी माणशी घेऊन टाकली, आणि मग बसणारा जितका रमेल तितक्या करंड्या खपतील अशी सोय केली. एकाच अडचणीची ही दोन उत्तरे आहेत. मुंबईचा आणि कँटनचा संबंधही जुना आहे. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांनी इथून कापूस आणि अफू कँटनला नेली, तिकडून चहा आणि रेशीम आणले. माझगावात क्वांगतुंग प्रांताच्या चार तालुक्यांतून आलेल्यांनी १९१९ मध्ये बांधलेले सी यप कून हे देऊळ आजही आहे. तरी डिम सम आपल्याकडे रुजले ते पदार्थ म्हणून. हॉटेलांच्या यादीत ते संध्याकाळी, मुख्य जेवणाआधीचे खाणे म्हणून येते, सोबत तिखट चटणी, आणि चहाचा पत्ता नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे हांग आ आणि न्यूयॉर्कचे नॉम वा, दोन्ही १९२० सालची, चहाघरे म्हणूनच सुरू झाली, कारण तिथे खोल्यांत दाटीने राहणारी कँटोनीज वस्ती होती आणि तिला बसायला जागा हवी होती. मुंबईतली चिनी वस्ती लहान, आणि बसायला जागा मागणाऱ्या मुंबईकराची सोय इराण्याने लावलेली. पदार्थ एकटा प्रवास करू शकतो; व्यवस्था तिची गरज असलेल्या माणसांबरोबरच जाते.

ही मांडणी मान्य झाली तर अलीकडच्या घडामोडींचा अर्थ वेगळा लागतो. २००९ मध्ये हाँगकाँगच्या माँगकॉक भागात मोजक्या खुर्च्यांचे टिम हो वान सुरू झाले आणि लगेच त्याला मिशेलिनचा तारा मिळाला. उत्तम आचाऱ्याचे डिम सम सामान्यांच्या दरात, म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते रास्त होते. पण बाहेर रांग, आत झटपट खाणे, आणि उठणे. त्याने पदार्थ स्वस्त केला, बसणे मात्र जवळजवळ काढून टाकले. याउलट ग्वांगझौच्या जुन्या घराचेच नाव चालवणारे, हाँगकाँगच्या वेलिंग्टन रस्त्यावरचे लिन हेउंग २०२२ मध्ये बंद पडले तेव्हा लोक हळहळले ते तिथला हा गाउ शहरात सर्वोत्तम होता म्हणून नव्हे. परक्यांच्या टेबलावर खुर्ची ओढून बसता येईल अशी एक जागा गेली म्हणून. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. ग्वांगझौमध्ये सकाळचा चहा अजून जोरात आहे. एखादे चहाघर परंपरा पाळते की नाही, हे ठरवताना बांबूच्या करंड्या, कोरीव लाकूड आणि आचाऱ्याची वंशावळ यांपेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: खुर्चीचे भाडे किती, सर्वांत स्वस्त करंडी केवढ्याला, आणि किती वेळाने उठवतात. पुढची पाने वाचताना पदार्थांच्या प्रत्येक वर्णनाला हे तीन प्रश्न जोडले, तर ती वर्णने रुचीच्या पलीकडे जाऊन शहराविषयी बोलू लागतील. पाककृती लिहून ठेवता येते, शिकवता येते, हरवली तर पुन्हा जुळवताही येते. स्वस्तात बसायची जागा मात्र भाडे, पगार आणि घरांचे आकार यांविषयी शहर जे निर्णय घेते त्यांवर टिकते किंवा जाते, आणि कँटोनीज चहाघराचे पुढे काय होणार हेही आचाऱ्यांइतकेच त्या निर्णयांच्या हाती आहे.